बाईंनी बघितलेला पक्षी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत 'मेहक फोटो' कुठं आहे म्हणून कुणालाही विचारा, रिक्षावाला थेट दारात आणून सोडेल. दुकान काढलं माझ्या नवऱ्यानं, करीमनं, पण चालवलं मी. सुरुवातीला निकाहात बायकांच्या बाजूचे फोटो काढायला बाईमाणूस पाहिजे म्हणून त्यानं माझ्या हातात कॅमेरा दिला. पुढं लोकच म्हणायला लागले, करीमभाई, तुम्ही अल्बम करा, फोटो काढायला भाभींना पाठवा. आता करीम अल्बम करतो आणि सुखात आहे.

ही फुशारकी नव्हे, जे आहे ते सांगते. लग्नाचे फोटो काढायची एक रीत असते आणि ती मला येते. अंतरपाट खाली येतो तेव्हा नवखी पोरं हारांवर कॅमेरा धरतात. अहो, हार काय, "जरा परत घाला की" म्हटलं की नवरानवरी हसत हसत परत घालतात. पण त्या वेळी नवरीच्या आईचं तोंड जसं झालेलं असतं, तसं ते परत होत नाही. काझींनी विचारलं आणि मुलीनं 'कबूल' म्हटलं, की मी मुलीकडं बघतच नाही, तिच्या बापाकडं बघते. मोठा कॅमेरा स्टँडवर असतो, तो आपला स्टेजकडं तोंड करून उभा. दुसरा लहान कॅमेरा माझ्या गळ्यात असतो. मोक्याच्या वेळी माझा हात गळ्याकडं जातो, त्यासाठी डोक्याला विचारावं लागत नाही.

आम्ही राहायला उचगावला. तिथल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका म्हणजे शालनबाई. माझी मेहक त्यांच्या हाताखाली शिकली. बाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की माईक लागत नसे, मैदानाच्या त्या टोकाचं पोरगं शर्ट खोचायचं. बाईंनी 'असं आहे' म्हटलं की ते तसं असायचं, गावात कुणी उलट विचारत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली आणि राजारामपुरीतल्या एका पक्षीमंडळात जायला लागल्या. एका कोचिंग क्लासच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी ही मंडळी जमतात, प्रोजेक्टरनं भिंतीवर फोटो दाखवतात आणि कुणी काय बघितलं ते सांगतात.

गेल्या थंडीत मंडळाची सहल कोकणात गेली होती. देवगडच्या अलीकडं, खाडी समुद्राला मिळते तिथं एक सागरी उद्यान आहे. एका बाजूला सुरूचं बन, दुसऱ्या बाजूला कांदळवन, आणि मधे ओहोटीला उघडा पडणारा लांबलचक चिखल. दुपारी सगळी मंडळी सुरूच्या सावलीत डबे सोडून बसली. कोल्हापूरची माणसं ती, तांबड्या रश्श्यासमोर बसल्यावर डोक्यावरून गरुड गेला तरी मान वर करणार नाहीत. बाईंचं जेवण लवकर उरकलं. त्या एकट्याच बांधावर जाऊन बसल्या आणि त्यांना क्रॅब प्लोव्हर दिसला. हा खेकडे खाणारा पक्षी, पांढराशुभ्र, पाठीवर काळं. हिवाळ्यात समुद्रापलीकडून येतो, पण आपल्या बाजूला फार क्वचित. बाई पळत सांगायला गेल्या. मंडळी हात धुऊन येईपर्यंत चिखल रिकामा झाला होता.

मंडळाचा प्रमुख धैर्यशील हा दातांचा डॉक्टर. माणूस वाईट नाही, माझी दाढ त्यानंच काढली. पण नियमाला पक्का.

"बाई, फोटो हाय का?"

"न्हाय."

"मग नोंद न्हाय करता येणार. शेकाट्या असंल वो तो. लांबनं तसाच दिसतोय."

शेकाट्या म्हणजे लांब लाल पायांचा काळापांढरा पक्षी. रंकाळ्याच्या आणि कळंब्याच्या तळ्यावर ढिगानं सापडतो. "मला शेकाट्या वळखाय येत न्हाय व्हय?" असं बाई म्हणाल्या, पण तोवर सगळे हसून मोकळे झाले होते. पुढच्या बैठकीला मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "शेकाट्या मॅडम आल्या." बाईंना पाठीमागचंही ऐकू येतं, वर्गावर राहून तशी सवय झालेली. त्या दिवसानंतर त्यांनी मंडळात जाणं सोडलं.

हे सगळं त्यांनी मला या थंडीत सांगितलं, माझ्या दुकानात, काउंटरवर हात ठेवून. "नजीरा, मला त्यांनी खोटं पाडलं असतं तर मी भांडलो असतो. त्यांनी मला येडं पाडलं गं." बाईंचा आवाज बारीक झालेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला त्या हसणाऱ्यांचा असा राग आला, की दाढ काढून घेतल्याचाही पश्चात्ताप झाला.

"तो पक्षी परत यील का?" मी विचारलं.

"येतोय. थंडीत एकाच चिखलावर परत येत्यात ही. मला फकस्त फोटो पायजे."

"मग चला की, त्यात काय? आजवर एक नवरी माझ्या कॅमेऱ्यातनं सुटली न्हाय. पक्षी काय चीज हाय."

आतून करीम म्हणाला, "अरे, वो पक्षी है. 'इधर देखो' बोलने से देखता नहीं." मी त्याला अल्बमाकडं लक्ष द्यायला सांगितलं आणि ओळखीच्या एकाकडून तोफेएवढी लेन्स भाड्यानं आणली.

दोघीच निघालो, दुकानाची गाडी घेऊन. गाडी मीच चालवते. गगनबावड्यात दाट धुकं होतं, घाट उतरलो तसं ते मागं राहिलं आणि गाडीत दमट वारं शिरायला लागलं. बाई वाटभर मला शिकवत होत्या. पांढरे कपडे घातले नाहीस ते बरं केलंस. एकदम उभं राहायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, "तिथं आजाबात वरडायचं न्हाय!" हे शेवटचं त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं ब्रेक दाबला.

उद्यानाच्या फाटकाशी मी पहारेकऱ्याला हाक मारली, "पावणं, गाडी कुठं लावू? मी कोल्हापुरास्नं आलो बगा." बाईमाणूस 'आले' न म्हणता 'आलो' म्हणतंय हे ऐकून तो गालात हसला, पण आमच्या आवाजानं त्याला धास्ती बसली असावी. "जरा हळू बोला हां," तो म्हणाला. "नायतर पक्षी उडतले." बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू काही आवाज फक्त माझाच होता.

सकाळी भरती होती. चिखल पाण्याखाली, म्हणजे बाईंचा पक्षी दिसायची वेळ अजून लांब. तोवर आम्ही बनातून फिरलो. खरं सांगते, मला वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं. लाकडी कठड्यावर खंड्या बसला होता, निळा की निळाच. मी त्याच्या जवळ गेले नाही, वाट बघत उभी राहिले. लग्नात रुसलेल्या आत्याबाईंजवळ लगेच जायचं नसतं, तसंच. त्यानं पाण्यात सूर मारला आणि मासा घेऊन वर आला. चोचीतला मासा, उडालेलं पाणी, सगळं माझ्या कॅमेऱ्यात. सुरूच्या शेंड्यावरून समुद्री गरुड गेला, पायात लांबडा मासा धरून, तोही आला. लाटेच्या काठानं चिखल्या नावाच्या चिमुकल्या पक्ष्यांचा थवा पळत होता. लाट आली की माघारी, गेली की पुढं, आणि एकाचाही पाय भिजत नव्हता. मी वाळूत पालथी पडले आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढले.

"उन्हाकडं पाठ कर," बाई कुजबुजल्या.

"फोटो मला शिकवू नका, बाई."

त्यांनी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकून बघितलं आणि सगळे फोटो परत पहिल्यापासून दाखवायला लावले. मग म्हणाल्या, "त्या धैर्यशीलकडं असला एक बी न्हाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मनात म्हटलं, आता तो क्रॅब प्लोव्हर फक्त येऊ दे.

ऊन कलायला लागलं तसं पाणी मागं सरलं आणि चिखल उघडा पडायला लागला. आम्ही बांधावर जागा धरली. बाईंनी जेवणाचे डबे गाडीतच ठेवायला लावले होते, गेल्या वर्षीचा राग डब्यावर निघाला. मी मोठी लेन्स स्टँडवर चढवली आणि बाईंनी दाखवलेल्या जागेवर रोखून ठेवली. लहान कॅमेरा गळ्यात होताच. बाई माझ्यापासून हातभर अंतरावर, दुर्बीण डोळ्याला लावून बसल्या. चिखलावर बारीकसारीक खेकडे बिळातून निघून पळत होते. बगळे आले, कुरव पक्ष्यांचा घोळका आला. आम्ही दोघी जन्मात एवढा वेळ गप्प बसलो नसू.

आणि मग बाई म्हणाल्या, "आला."

इतक्या हळू म्हणाल्या, की शब्दापेक्षा श्वासच जास्त होता. मी वळून बघितलं. चिखलाकडं नाही, बाईंकडं.

बाईंनी दुर्बीण खाली सोडली होती, म्हणजे पक्षी अगदी जवळ आला असणार. दोन्ही हात मात्र तसेच वर राहिले होते, हवेत काहीतरी धरल्यासारखे. तोंड अर्धवट उघडं. वर्षभराचा राग त्या तोंडावरून उतरला होता, आणि त्याखाली जे होतं ते मी कधी बघितलं नव्हतं. माझा हात गळ्याकडं गेला. मी एक फोटो काढला, मग दुसरा. बाईंनी एकदम ओठ मिटले, खांदे आखडले, मान थोडी बाजूला केली, मग डोळे मोठे झाले आणि हसू फुटायच्या बेतात आलं. चिखलावर काय घडत होतं ते सगळं त्यांच्या तोंडावर घडत होतं आणि मी एकही सोडत नव्हते. असं तोंड बारा लग्नांत एकदा मिळतं.

कानाजवळच्या खटखटीनं बाई भानावर आल्या. त्यांनी वळून बघितलं, तर कॅमेरा त्यांच्यावर.

"माझ्याकडं काय बगतीस? तिकडं बघ की!"

तोच शाळेच्या मैदानातला आवाज. अख्खा चिखल उठला. बगळे, कुरव, चिखल्या, सगळं आकाश पंखांनी भरलं. मी मोठ्या लेन्सवर झेप घेतली तेव्हा समोर मोकळा चिखल आणि पळणारे खेकडे. लांब, खाडीच्या तोंडाशी काहीतरी पांढरं चाललं होतं. तो प्लोव्हर होता, बगळा होता की कुणाचं धोतर उडालं होतं, हे मला कुणी शपथेवर विचारलं तर सांगता येणार नाही.

पाणी परत भरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. तो काही परत आला नाही. बाईंनी दुर्बीण पिशवीत टाकली आणि पिशवी मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. एवढ्या वर्षांत मी गिऱ्हाइकाचा मोका चुकवला नव्हता, आणि चुकवला तो जिनं माझ्या पोरीला घडवलं तिचा. मला लाज वाटत होती, आणि मला लाज वाटायची सवय नाही.

घाट चढून गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा बाईंचा बांध फुटला.

"तुला एवढी लेन्स घेऊन कशाला आणलं मी? माझं तोंड काढायला? ते आधार कार्डावर हाय की!"

"हात आपोआप गेला, बाई. लग्नाची सवय हाय ती."

"कुणाचं लगीन चाललंतं तिथं?"

"आन् वरडलं कोण?" माझाही तोल गेला. "आधी पक्षी कुणी उडवला?"

चहावाला किटली हातात धरून आमच्याकडं बघत राहिला. बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "मी वरडलो." आणि मग, "ऱ्हाऊ दे आता. मला कुणी काय इचारायला नको आन् मी काय सांगायला नको." त्या रागावलेल्या होत्या तेव्हा परवडल्या होत्या. मी चहाचे पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ते फोटो कॉम्प्युटरवर उघडले. पुसूनच टाकणार होते. करीम चहाचा कप घेऊन मागं येऊन उभा राहिला. माझ्या फोटोंवर तो कधी काही बोलत नाही, लग्नाला एवढी वर्षं झाली की कौतुक संपतं. पण बाईंच्या तोंडासमोर तो थांबला, वाकला आणि म्हणाला, "ये क्या देख रही हैं?" फोटोत नसलेला पक्षी तो पडद्याच्या कडेला शोधत होता. मी माऊसवरून हात काढून घेतला.

रविवारी मी बाईंच्या दारात गाडी लावली आणि हॉर्न वाजवत राहिले. "मी येत न्हाय," त्या आतून म्हणाल्या. "मग ते म्हणतील, बाई घाबरल्या," मी बाहेरून म्हणाले. बाई चप्पल घालून बाहेर आल्या. फोटोचं मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी गाडीतून उडी मारली असती.

क्लासचा हॉल भरलेला होता. धैर्यशीलनं उठून बाईंना एक खुर्ची ओढून दिली, तेवढी रीत आहे त्याला. मग विचारलं, "बाई, परत जाऊन आलासा म्हणं. दिसला का?"

"दिसला."

"आन् फोटो?"

"न्हाय."

मागच्या बाकावर खसखस पिकली. मी उठले. "फोटो हाय," म्हटलं आणि पेन ड्राइव्ह प्रोजेक्टरजवळच्या पोराच्या हातात दिला. बाईंनी माझं मनगट धरायचा प्रयत्न केला, पण एवढ्या वर्षांत मी गर्दीतून निसटायला शिकले आहे.

भिंतीवर बाईंचं तोंड आलं, भिंतीएवढं मोठं. आधी हशा झाला. कुणीतरी म्हणालं, "ह्यो कुठला पक्षी?" त्यावर आणखी हशा. लग्नाचे फोटो दाखवताना मी बोलत नाही, लोकांना बघू द्यायचं असतं. दुसरा फोटो लावायला सांगितला, तिसरा लावायला सांगितला. हवेत राहिलेले हात, मिटलेले ओठ, मोठे झालेले डोळे. हसू कमी झालं, मग थांबलं. मी भिंतीकडं बघतच नव्हते, खुर्च्यांवरच्या माणसांकडं बघत होते. ती सगळी पहाटे उठून चिखल तुडवणारी माणसं. कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा धनेश बघितला असेल, कुणी पहिला स्वर्गीय नर्तक. असं तोंड आपलंही झालं होतं, हे एकेकाला आठवत चाललेलं मला दिसत होतं. मागच्या बाकावरचा तो 'शेकाट्या मॅडम'वाला खाली मान घालून मोबाइल चाळायला लागला, पण पडदा पेटलेला नव्हता.

धैर्यशीलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. भिंतीकडं बघत बघतच त्यानं विचारलं, "बाई, पाय कसल्या रंगाचे होते?"

"राखाडी. निळसर राखाडी. लाल न्हाय."

"चोच?"

"काळी. जाड. कावळ्याच्या चोचीपेक्षा जाड. शेकाट्याची सुईगत असती." बाई अजून खुर्चीतच होत्या, पण पाठ ताठ व्हायला लागली होती. "त्येनं खेकडा धरला. आपटला. नांग्या येकेक करून तोडल्या, बाजूला टाकल्या, आन् मग अख्खा गिळला. गेल्या साली बी असाच गिळलाता."

धैर्यशील त्यांच्याकडं वळला. "मग गेल्या वर्षी हे सांगितलं का न्हाईसा?"

"तुमी इचारलं का?" बाई म्हणाल्या. "फोटो हाय का, येवढंच इचारलासा."

धैर्यशीलनं आपली प्रमुखाची खुर्ची उचलली, पहिल्या रांगेत पोरांच्या बाकाशेजारी आणून ठेवली आणि बसला. "चुकलं आमचं," तो म्हणाला. "आता पहिल्यापासनं सांगा. आमी ऐकतोय."

बाई उठल्या. पदर खोचला आणि फळ्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागं भिंतीवर त्यांचंच तोंड होतं. वळून त्यांनी ते एकवार बघितलं आणि मला म्हणाल्या, "नजीरा, बंद कर ते. मी हाय की हितं."

मी फोटो बंद करायला लावला. कुणीतरी हॉलमधले दिवे लावले. बाई सांगायला लागल्या, पाणी कसं मागं सरलं, तो कुठल्या बाजूनं आला, दोन पावलं टाकून कसा थांबला आणि मान कशी वाकडी केली. माईकची गरज नव्हतीच. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पण हात मांडीवर तसेच राहिले, आणि बांधावर हातभर अंतरावर बसून जो मला दिसला नव्हता तो पक्षी मी तेव्हा बघितला.